त्रेसष्ट निबंधांची बांधणी

३ मार्च

जावईबापूंनी आज खोके आणून माझ्या टेबलावर ठेवले. आमच्या लेकीचे आजवर छापून आलेले सर्व शोधनिबंध – त्रेसष्ट! बावीस रक्ताच्या कर्करोगावर, एकेचाळीस फुप्फुसाच्या.

"बाबा, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. बांधून काय करणार?"

"कॉम्प्युटरला कणा असतो काय?" मी विचारले. ते हसत निघून गेले.

चाळीस वर्षे ग्रंथालयाची पुस्तके शिवून, खळीने चिकटवून बांधली. शिक्षण इयत्ता चौथी. इंग्रजी वाचता येत नाही. परंतु लेकीच्या नावाचा आकार कोणत्याही पानावर ओळखतो.

४ मार्च

खोकल्याबरोबर रुमालावर पुन्हा तांबडा ठिपका. महिन्याभरात तिसऱ्यांदा. धुऊन टाकला.

ज्या आजारासाठी परगावचे डॉक्टर तिचा सल्ला घेतात, तोच तिच्या बापाने तिच्यापासून लपवावा, हे शोभत नाही. कळते. परंतु तिची आई रक्ताच्या कर्करोगाने गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. पुन्हा तिच्या पुढ्यात तेच न्यावयाचे? नाही.

७ मार्च

निबंध तारखेनुसार लावले. मन खिन्न झाले. आरंभीच्या निबंधांवर तिचे नाव सर्वांत प्रथम. पुढे दुसरे, चौथे, सहावे. अलीकडच्या तीसेक निबंधांवर तर थेट शेवटी – चौदा जणांच्या मागे! माझी लेक घसरत गेली आणि घरात कोणी मला सांगितले नाही.

८ मार्च

शनिवारची सुट्टी. ती घरी होती. स्पष्ट विचारले, "तुझा नंबर शेवटचा कसा आला?"

चहाचा कप खाली ठेवून इतकी हसली की जावईबापू आतून धावत आले. मग डोळे पुसत म्हणाली, "अहो बाबा, आमच्यात पहिलं नाव राबणाऱ्याचं. शेवटचं नाव ज्याच्या खोलीत काम झालं, ज्यानं सगळ्याची जबाबदारी घेतली, त्याचं."

"म्हणजे तू मुख्य?"

"हो. चुकलं तर पहिली बोलणी मीच खाते."

अंगणात जाऊन उभा राहिलो. छाती भरून आली होती – या खेपेस खोकल्याने नव्हे.

१२ मार्च

आज तिला एका निबंधातील तक्ता वाचून दाखवावयास सांगितले. एकशे चार ओळी. "रुग्ण अकरावा. पुरुष. वय एकोणऐंशी. रुग्ण बारावा. स्त्री. वय त्रेपन्न..."

"यांची नावे?"

"नावं छापत नाहीत, बाबा."

"मग हे कोण होते, ते कोणास ठाऊक?"

तिने अकराव्या ओळीवर बोट ठेवले. "हे सुतार. तपासायला आले तरी कानावर पेन्सिल असायची. या बारा नंबरच्या शिक्षिका. बोटं कायम खडूनं पांढरी. हे वीस नंबर बसचालक – बसल्या बसल्या उजवा पाय ब्रेकवर असल्यासारखा दाबत राहायचे."

सर्व ओळी सांगितल्या! एकही सुटली नाही. चाळीस वर्षे कागद हाताळला. कागदात माणसे असतात, हे आज कळले.

१३ मार्च

काम केले नाही. एकशे चार माणसे.

१७ मार्च

शिवण पूर्ण. शेवटी कण्यात नऊ कोऱ्या पट्ट्या शिवून ठेवल्या.

"या कशाला?" जावईबापूंचा प्रश्न.

"पुढील निबंध चिकटविण्यास. तिचे काम संपले असे धरून बांधले, तर तो बांधणारा अडाणी."

ते गेल्यावर खोकला आला. तोंडावर हात नेईपर्यंत उशीर झाला. शेवटच्या निबंधाच्या पहिल्या पानावर तांबडा ठिपका – तिच्या नावाशेजारी. उभ्या आयुष्यात माझ्या हातून पानावर डाग पडला नव्हता!

जावईबापूंना सांगितले तर दुसरे पान छापून देतील. कोणास कळणार नाही.

१८ मार्च

ते पान उसवून काढले आणि तिच्या कामाच्या ठिकाणी स्वतः गेलो. कोट घातला होता. पान तिच्यासमोर ठेवले. म्हणालो, "माझ्याकडून हे खराब झाले."

तिने पान पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

"कधीपासून, बाबा?"

"दोन महिने."

ओरडेल असे वाटले होते. तिने माझा कोट काढून खुर्चीवर नीट टाकला आणि शेजारच्या डॉक्टरांना हाक मारली. "यांना तुम्ही तपासा. मला नियमानं तपासता येत नाही. हे माझे वडील आहेत."

२९ मार्च

निदान झाले. तोच आजार – फुप्फुसाचा कर्करोग. तिच्या नव्या अभ्यासात औषध घेण्यास संमती दिली. सही पूर्ण नावाने केली, जरी ते नाव छापले जाणार नाही. क्रमांक सतरा.

निघताना विचारले, "सतराव्याची खूण काय ध्यानात ठेवशील?"

तिने माझा हात उलटा करून पाहिला. "नखांत वाळलेली खळ."