तांदळाच्या डब्यामागची डबी

सोमवार, संध्याकाळ, १९७८

आज आठवा दिवस. दिवेलागणीला पुन्हा ताप चढला.

सकाळी रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी छाती तपासता तपासता विचारलं, "हिरड्यांतून रक्त येतं का?" मी नाही म्हटलं. काहून म्हटलं? हे शेजारीच बसले होते, आणि दातांना तंबाखूचा गुडाखू घासणं सोडल्याची शपथ मी यांच्यासमोरच घेतली होती.

मग डॉक्टर म्हणाले, लहानपणी सांधे सुजून ताप आला तेव्हाच तुमच्या हृदयाची झडप बिघडली. हिरड्या खराब असल्या तर तिथले जंतू रक्तातून जाऊन त्या झडपेवर बसू शकतात. जिवावर बेततं. "पण तुमच्या हिरड्या चांगल्या आहेत म्हणता." मी मान हलवली. मूर्खासारखी.

रिक्षात हे म्हणाले, "बरं झालं वं, तू गुडाखू सोडला."

आज चूळ लाल आली होती. कालही. गुडाखूची डबी तांदळाच्या डब्यामागंच आहे. हिरड्या ठणकल्या की घासायचं, बधिर होतात, हे आईनंच शिकवलं. उद्या यांना सगळं सांगायचं, डबी फेकायची. पण भीती वाटली की हात तिकडंच जातो.

हे बाहेरून विचारून राहिलेत, "ताप उतरला का वं?"

उत्तर देता येत नाही. तोंडात गुडाखू आहे.