अकरा राष्ट्राध्यक्ष आणि एक पाळणा

समरकंद

आदरणीय तुल्किनदादास,

धाकट्या सानोबरचा सलाम. गुडघा कसा आहे? वहिनींची साखर उतरली का? ताश्कंदात थंडी पडली असेल, कानाला गुंडाळत जा. इकडे आम्ही अल्लाच्या कृपेने जिवंत आहोत, आणि तुमच्या परिषदेच्या कृपेने नुसते जिवंतच आहोत. (पत्र लिहिते आहे, कारण फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस.)

अकरा देशांचे राष्ट्राध्यक्ष परिषदेला येणार, 'आपल्या शहराचं भाग्य उजळलं' असं तू कळवलंस. तू तयारीच्या समितीत, तुला उजेड दिसणारच. आमच्या आणि भाग्याच्या मध्ये पत्रा आला. पाहुण्यांना आमची मातीची घरं दिसू नयेत म्हणून हमरस्त्याच्या कडेने दोन पुरुष उंच पत्रा ठोकला. त्यांच्या बाजूने गुलाब रंगवलेत म्हणे, आमच्या बाजूने खिळ्यांची टोकं. दारातली तुती तोडली, तिथे कुंड्यांतले देवदार ठेवले आणि परिषद संपताच ते देवदारही ट्रकात घालून परत नेले. तंदूर पेटवायचा नाही, धूर दिसतो. कपडे वाळत घालायचे नाहीत, तेही दिसतात. मग आम्हीही दिसतोच की, आम्हाला कुठे नेऊन ठेवता? (हे मनातल्या मनात म्हटलं. मोहल्ल्याचा प्रमुख समोर उभा होता.)

हेही गिळलं असतं. पण आपल्या मुनव्वरच्या पहिल्या बाळाला पाळण्यात घालायचा समारंभ नेमका त्याच शुक्रवारी. रीतीप्रमाणे पाळणा बाळाच्या आजोळचा, तो नेणार मी, बाळाला त्यात निजवायचं ते माझ्यासमोर. त्यात मी निजले, मुनव्वर निजली. तिचं सासर रस्त्याच्या पलीकडे, छतावरून हाक मारली तर 'ओ' येईल एवढ्यावर. आम्ही बायका नटूनथटून, डोक्यावर रोट्यांची नि हलव्याची गाठोडी घेऊन निघालो, तर पत्र्याच्या फटीत एक शिपाई. रस्ता बंद.

मग झडती. गाद्या उसवल्या, हलव्यात सळई खुपसली. शेवटी त्याच्या हाती लागली पाळण्यातली लाकडी नळी. (तू विसरला असशील, तूही त्याच नळीतून मोठा झालास.)

"मावशी, हे काय आहे?"

"मुतायची नळी."

"कुणाची?"

"तुझ्या साहेबाची! अरे, बाळाची! तुझ्या आईने तुला काय टोपलीत वाढवलं?"

त्याने साहेबाला बोलावलं. साहेबाने नळी डोळ्याला लावून माझ्याकडे पाहिलं, फुंकर मारली, वास घेतला आणि म्हणाला, हिचा कागद दाखवा. दादा, साठ वर्षांत त्या नळीला कुणी कागद मागितला नाही. माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, तू सरकारी माणूस आहेस. पाळणा जमा करून घेतला. आम्ही दुपारपर्यंत उन्हात उभ्या. पलीकडून सनईचा आवाज येत होता, मग तोही थांबला. आणि ज्या ताफ्यासाठी हे सगळं, तो त्या रस्त्याने आलाच नाही. दुसऱ्या रस्त्याने गेला!

संध्याकाळी ओयनिसा व्याहीणबाईंचा फोन. "आमचे सगळे पाहुणे पोहोचले, तुमच्यापुरताच बरा रस्ता बंद झाला! यायचं नव्हतं तर सांगायचंत. आम्ही बाजारातून नवा आणला."

पाळणा सोमवारी परत मिळाला. अजून माझ्याच घरी आहे. मी त्या दारात पाऊल टाकणार नाही, मलाही मान आहे. बाकी सर्व ठीक. वहिनींना सलाम.

तुझी,
सानोबर

ता.क. व्याहीणबाई माझं ऐकत नाहीत, पण तुझ्या हुद्द्याला वचकून असतात. तू त्यांना फोन करून सांग की रस्ता तूच बंद केला होतास. अकरा राष्ट्राध्यक्षांच्या वतीने माफी माग. तेवढी जाहीर झाली तर मी उद्याच पाळणा घेऊन निघते.

ता.ता.क. मुनव्वर सांगते, बाळ त्या बाजारच्या पाळण्यात आता गाढ झोपायला लागलंय. दादा, एकदा त्याची सवय लागली की ते आपल्या पाळण्यात निजायचं नाही. मीटिंग असली तरी बाहेर ये, आणि आजच फोन कर.