सागाने पुन्हा बोटीत बसतो

उवाजिमा,
१२ फेब्रुवारी

चि. तात्सुओ यास,
अ. उ. आ.

चार वर्षांनी माझं पत्र पाहून कोणी गेलं की काय, असं वाटून घेऊ नकोस. सगळे आहेत. मीच नोव्हेंबरात जायच्या बेतात होते, पण राहिले. दुकानात कढईपुढे उभी होते आणि डावा हात एकाएकी दुसऱ्याच कोणाचा असावा तसा लोंबायला लागला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी. आता चालता येतं. बोलता तर फारच येतं, असं तुझ्या भाच्याचं, नाओतोचं मत आहे. फक्त डाव्या हाताची बोटं सांगितलेलं ऐकत नाहीत. दुकान सध्या सूनबाई बघते. तिच्या हातच्या माशाच्या वड्या जरा करपतात, पण गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून खातात.

व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, दोन्ही अंगठे चालतील असं रोज काहीतरी करा, विणकाम उत्तम. विणकाम मला शाळेपासून आवडत नाही. तेव्हा नाओतोने त्याचं जुनं गेमचं खोकं आणून टीव्हीला जोडून दिलं. त्याच्यापाशी एकच मालिका होती, 'कुरोहामा' नावाची. गुंडांची आहे. सात भाग आहेत. तो म्हणाला, पहिल्यापासून सुरू कर. मी चौकशी केली तर कळलं, की कथेची खरी सुरुवात पाचव्या भागात आहे, कारण तो मागाहून बनवला. मग मी पाचवा आधी लावला. ज्या माणसाचं तरुणपण पाहिलं नाही त्याची चाळिशी बघत बसणं मला जमत नाही. नाओतो म्हणाला, असं कोणी खेळत नाही. मी म्हटलं, मी खेळते.

नायकाचं नाव सागाने. बंदरावर माशांच्या पेट्या उचलत असतो आणि एका टोळीच्या म्होरक्याच्या नजरेत भरतो. इथे मला कोणाची आठवण झाली ते लिहीत नाही. तू त्या धंद्यातला, म्हणून एकच विचारते. हा सागाने सकाळपासून लोकांना बदडतो आहे, आणि मी बघते आहे तेव्हापासून जेवलेला नाही. तुमच्यात असंच असतं का?

आणखी एक. स्टेशनजवळचे घड्याळवाले मियोशीसान येऊन गेले. तुरुंगातून सुटणाऱ्यांवर सरकारतर्फे नजर ठेवायचं काम ते बिनपगारी करतात. तुला मुदतीआधी सोडायचं तर घरच्या कोणीतरी हमी घ्यायला हवी, तुम्ही घ्याल का, असं विचारत होते. मी म्हटलं, सध्या माझा हात धड नाही. त्यांना हाताचा संबंध कळला नाही. मलाही नाही.

प्रकृतीला जप. लोभ कमी झालेला नाही, एवढं धरून चाल.

तुझी ताई,
युकिए

—

३ मार्च

ती. युकिएताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं गेलं. एकदा इथल्या साहेबांनी वाचलं आणि दोनदा मी. तुझ्या दुखण्याचं मला कोणी कळवलं नव्हतं. कळवून मी काय करणार होतो, हेही खरं. मी हल्ली शिवणखात्यात आहे. शाळेतल्या मुलांचे एप्रन शिवतो. माझी शिवण सरळ येते, असं वरच्यांचं म्हणणं आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की जेवतात. खरं तर दिवसाचा बराच वेळ जेवण्यातच जातो. मारामारी इतक्या वर्षांत माझ्या वाट्याला दोनदा आली, त्यातल्या एकदा मी नुसता मध्ये उभा होतो. माझं काम गाडी चालवण्याचं. आमचे म्होरके कुरातासान यांना दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं, बाहेर थांबायचं, परत आणायचं. मग त्यांच्या मंडळींना न्यायचं आणि बाहेर थांबायचं. गाडीत बसून थांबणं हेच आमच्या धंद्याचं मुख्य अंग आहे. त्याचा गेम काढला तर कोणी विकत घेणार नाही.

पत्रं तपासणारे साहेब कडक आहेत. कामाव्यतिरिक्त शब्द बोलत नाहीत. तुझं पत्र देताना मात्र भिंतीकडे बघून म्हणाले, की पाचव्यावरून पहिल्यावर गेल्यास चित्रं फार जुनाट वाटतात, खेळणाऱ्याने मनाची तयारी ठेवावी. मी म्हटलं, कळवतो. कळवलं.

मियोशीसानांबद्दल मी काही लिहीत नाही. तुझ्या मनाला येईल तसं कर. आधी हात बरा होऊ दे.

थोरल्या बहिणीचा लोभ आहे तसा असू दे.

तुझा,
तात्सुओ

—

उवाजिमा,
२० एप्रिल

चि. तात्सुओ यास,
अ. उ. आ.

तुझ्या साहेबांना सांग, तयारी ठेवूनही धक्का बसला. पाचव्या भागात सागानेच्या भुवईचा केस न् केस दिसत होता. पुढच्या भागात तो दहा वर्षांनी मोठा झाला आणि त्याचं नाक एकदम चौकोनी झालं. हाताची बोटं तर सगळी एकमेकांना चिकटलेली. माझ्या डाव्या हातासारखीच, म्हणून मी काही बोलले नाही.

मियोशीसान घर पाहायला आले होते. तू राहशील ती खोली वगैरे. ते दारात आले तेव्हा मी एकाला नूडलवाल्याच्या पाटीने मारून कालव्यात टाकत होते, आणि मध्येच थांबवता येत नव्हतं. ते बिचारे बूट काढून माझ्यामागे गुडघ्यांवर बसले आणि शेवटपर्यंत पाहिलं. मग त्यांनी विचारलं, हे तुम्ही रोज करता का. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांनी चहा घेतला, दोन वड्या खाल्ल्या आणि खोलीला खिडकी आहे ना, एवढंच विचारून गेले.

आता खरं सांगते. या सागानेचा मला राग यायला लागला आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी तो धक्क्यावर उभा राहून शहराला वाकून नमस्कार करतो, आता पुन्हा इकडे येणार नाही म्हणतो, आणि बोटीने जातो. पहिल्यांदा मी डोळे पुसले. पुढचा भाग लावला, तर कोणाचा तरी निरोप येतो आणि हा पुन्हा बोटीत. दुसऱ्यांदा थोडे पुसले. तिसऱ्यांदा उठून भांडी घासली.

पुन्हा तिकडे जाणार नाही, असं तूही दोनदा म्हणाला होतास. मागच्या खेपेला तू सुटायचा होतास त्या दिवशी आईने सकाळीच तांबोशी माशाचा भात लावला. तू तुरुंगाच्या फाटकातूनच टोळीच्या मोटारीत बसून ओसाकाला गेलास. आई म्हणत होती, रस्त्यात गर्दी असेल. संध्याकाळपर्यंत गर्दीच होती. मग आम्ही दोघींनी भात खाल्ला. चांगला झाला होता.

मियोशीसानांना मी सांगितलंय, की मालिका आणखी थोडी पुढे जाऊ दे, मग हमीचं ठरवीन. ते म्हणाले, सरकारी उत्तरात हे मी कसं लिहू. मी म्हटलं, विचार चालू आहे, असं लिहा.

रागावले असले तरी लोभ आहेच, तो वेगळा.

युकिए

—

१८ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईच्या भाताचं मला माहीत नव्हतं.

सागानेची बाजू घेण्याचा मला अधिकार नाही, तरी थोडं लिहितो. टोळी सोडली तरी पाच वर्षं बँक दारात उभं करत नाही. खोली भाड्याने मिळत नाही, फोन मिळत नाही. नोकरी मागायला गेलं की समोरचा फार नम्र होतो, आणि नम्रपणेच बाहेर काढतो. तिकडे मात्र जिन्यावर पाय ठेवला की वरून कोणीतरी नावाने हाक मारतं, जेवलास का म्हणून विचारतं. निरोप पाठवणाऱ्याला हे ठाऊक असतं. शिवाय गेम बनवणाऱ्यांचीही अडचण आहे. सागाने घरी राहिला तर पुढचे भाग कोणाचे काढायचे?

निरोप मलाही आला आहे. हे मी साहेबांना आधीच सांगितलं, म्हणून इथे लिहितो. कुरातासान ऐंशीचे झाले. त्यांच्याकडे आता चारच माणसं उरली आहेत, आणि चौघांत धड गाडी चालवणारं कोणी नाही. मी सुटलो की मोटार येईल, असा निरोप आहे. मी उत्तर दिलेलं नाही.

तेव्हा तू भिडेखातर हमी घेऊ नकोस. हमी नसली तर पूर्ण मुदत भरून मार्चात सुटेन, एवढाच फरक. मोटार तेव्हाही येईल.

साहेब म्हणतात, यापुढचा भाग कंटाळवाणा आहे, त्यात काही घडत नाही, बरेच लोक तो गाळतात. मी म्हटलं, माझी ताई वर्तमानपत्रातलं बोटींचं वेळापत्रकसुद्धा गाळत नाही. यावर ते हसले असावेत. खात्रीने सांगता येत नाही.

मनात आकस ठेवलास तरी चालेल, पण हाताचा व्यायाम सोडू नकोस.

तात्सुओ

—

उवाजिमा,
९ जुलै

चि. तात्सुओ यास,
अ. उ. आ.

साहेबांचं या बाबतीत चुकलं. तो भाग मला सगळ्यात आवडला. त्यात सागाने एका बेटावर राहून कालवं पिकवतो. सकाळी होडी काढायची, दोर ओढायचे, कालवं धुवायची. दोर ओढताना एकदा डावा अंगठा, एकदा उजवा, असं करावं लागतं. गोष्ट पुढे न्यायला थोडेच दोर ओढले तरी पुरतात, पण मी जून संपेपर्यंत ओढत बसले. गावातल्या एका म्हातारीशी सागानेची ओळख झाली आहे. ती त्याला रोज विचारते, पाणी कसं आहे, आणि तो सांगतो, बरं आहे. बाकी खरंच काही घडत नाही. माझी डावी मूठ आता मिटते. कपाची कडी धरता येते.

मग एक दिवस निरोप आलाच. चिठ्ठी हातात घेऊन तो दाराशी उभा राहिला. मला वाटलं, आता खेळ मला विचारेल, जायचं की नाही. विचारलं नाही. मी सगळी बटणं दाबून पाहिली. तो आपला चालत गेला आणि बोटीत बसला. इतके महिने त्याचे हातपाय मीच चालवत होते, आणि नेमकं तेव्हा माझं काही चाललं नाही. टीव्ही बंद करून मी अंगणात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मियोशीसानांच्या दुकानात गेले आणि हमी घेते म्हणून सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे सागाने सुधारला वाटतं. मी म्हटलं, नाही. मग त्यांना समजावून सांगितलं. तू काय करशील याची हमी मी घेतलेली नाही, ती मला घेता येत नाही. इथे तुला खोली आहे, एवढ्याचीच घेतली आहे. ते म्हणाले, कागदावर दोन्ही एकच. मी म्हटलं, असू दे.

फाटकाशी मी येणार नाही, डॉक्टर लांबच्या प्रवासाला नको म्हणतात. नाओतो येतो म्हणत होता, त्याला मीच थांबवलं. मोटार येईल तर येऊ दे. तिथून स्टेशनला बसही जाते, मी विचारून ठेवलंय. इथे काम आहे. लहान माशांची मुंडकी काढायची असतात, सूनबाईला किळस येते. पगाराचं तू तिच्याशीच बोल, मी मध्ये पडणार नाही.

आशीर्वाद आहेतच. तू कसाही वागलास तरी ते कधी अडले नव्हते.

तुझी,
युकिए

—

मात्सुयामा,
१४ ऑक्टोबर

ती. युकिएताईस,
सा. न. वि. वि.

मी सुटलो आणि इथल्या, सुटलेल्यांसाठीच्या वसतिगृहात पोहोचलो, हे मियोशीसानांनी तुला कळवलंच असेल. घरी येण्याआधी थोडे दिवस इथे राहायचं, असं देखरेखीच्या सरकारी कार्यालयाचं म्हणणं पडलं. खोलीत चौघे आहोत. तिघे घोरतात, चौथ्याबद्दल मला सांगता येणार नाही. मधल्या प्रवासात जे झालं ते मी कार्यालयात सांगितलं आहे. तुला मीच लिहिलेलं बरं.

निघताना साहेबांनी माझी पिशवी दिली, आणि बहिणीला सांगा, म्हणाले, की शेवटचा भाग घाईने संपवू नये. एवढं बोलून ते आत गेले.

फाटकाशी मोटार नव्हती. तिथे उभी करू देत नाहीत. बस थांब्याच्या अलीकडे एक वळण आहे, तिथे ती होती. पूर्वी काळी असायची, आता करडी घेतली आहे, छोटी. मागे कुरातासान स्वतः बसलेले. फार वाळले आहेत. चालवायला जो नवा मुलगा ठेवलाय तो त्रेपन्न वर्षांचा आहे. वळवताना त्याने मागचं चाक रस्त्याकडेच्या गटारात घातलं होतं आणि तो खाली वाकून चाकाशी बोलत होता.

मी नमस्कार केला. कुरातासान म्हणाले, बरा दिसतोस. मग म्हणाले, जरा बघ रे हे. मी पिशवी रस्त्यावर ठेवली आणि चालकाच्या जागी बसलो. नव्या मुलाला मागून ढकलायला सांगितलं, चाक वर काढलं, गाडी मागे घेतली आणि तोंड मोठ्या रस्त्याकडे करून उभी केली. इंजिन चालू होतं. सीट नकळत माझ्या मापाची करून घेतली होती. आरशात कुरातासान दिसत होते. त्यांनी नुसती टोपी काढून मांडीवर ठेवली, लांब जायचं असलं की ठेवतात तशी.

ताई, तिथे मी किती वेळ बसलो ते मला सांगता येत नाही. मग इंजिन बंद केलं, उतरलो आणि किल्ली त्या मुलाच्या हातात दिली. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये घ्या, एवढं त्याला सांगितलं.

कुरातासानांनी काच खाली केली. कुठे चाललास, म्हणाले. मी म्हटलं, घरी. त्यांनी विचारलं, घर म्हणजे कुठलं. मी म्हटलं, बहिणीकडे. तुला बहीण आहे हे मला ठाऊक नव्हतं, म्हणाले. खरं आहे. इतकी वर्षं त्यांच्या पुढ्यात बसून गाडी चालवली, पण तुझा विषय मी कधी निघू दिला नव्हता.

त्यांनी तुझं नाव विचारलं. वाईट मनाने नाही, वर्षअखेरीला फळांची पेटी पाठवावी तशा मनाने. त्यांनी विचारलेलं मी आजवर कधी सांगितलं नाही, असं झालेलं नाही. मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी पुन्हा विचारलं. मी तसाच उभा राहिलो.

मग त्यांनी काच वर केली.

रविवारी येतो. बाकीचं समक्ष.

तुझा धाकटा भाऊ,
तात्सुओ