शंभरपैकी शंभर मिळाल्यामुळे करावं लागलेलं मृत्युपत्र

मी, प्रितम बाबुलाल शहारे, वय बावीस, राहणार खुर्सीपार, भिलाई, धंदा सध्या काही नाही, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी गळा धरलेला नसताना हे मृत्युपत्र करतो. दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये असल्यामुळे मजकूर मी सांगतो आहे आणि धाकटी बहीण रोशनी लिहिते आहे. तिने एक शब्दही बदलायचा नाही, असं तिला बजावलं आहे. (बजावलं नाही, हात जोडता येत नव्हते म्हणून नुसती विनंती केली. – रोशनी)

कारण असं की उद्या बुधवारी माझ्या डाव्या मनगटात तार टाकणार आहेत. डॉक्टर म्हणतात, अर्ध्या तासाचं काम. पण ज्या कागदावर बाबांनी सही केली त्यावर भुलीमुळे क्वचित मृत्यूही येऊ शकतो, असं छापलेलं आहे. क्वचित म्हणजे कोणाला तरी येतोच. शिवाय तसाही मी गेल्या गुरुवारी अर्धा मेलेलोच आहे. ते कलम चारमध्ये येईल.

कलम १. अमरदीप, माझा मित्र. याने सिविक सेंटरला गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यासमोर, दहा लोकांत, मला हाक मारली : "काय बे भगोड्या, तून कॉलेज सोडलं का कॉलेजनं तुले?" प्रॅक्टिकलच्या सरांनी वर्गासमोर गाढव म्हटलं म्हणून पांढरा कोट त्यांच्या टेबलावर ठेवून मी बाहेर पडलो होतो. ते बरोबरच केलं, असं मी शेवटच्या श्वासापर्यंत म्हणेन. अमरदीपच्या अंगावर धावलो, पाय गुपचुपच्या सांडलेल्या पाण्यावर पडला आणि मी दोन्ही हातांवर. दवाखान्यात त्यानेच नेलं, पण तेवढ्याने गुन्हा कमी होत नाही. त्याला माझ्याकडून एक बुक्का. मी नसल्यास रोशनीने द्यावा. (देईन. – रोशनी) हेल्मेटही त्यालाच द्यावं, गाडी फार वाईट चालवतो.

कलम २. बाबा. कॉलेज सोडल्यापासून आठ महिने बाबा माझ्याशी बोलत नव्हते. आता मावशीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आई गोंदियाला गेली आहे, त्यामुळे प्लांटला जायच्या आधी माझी आंघोळ बाबांकडे असते. दोन्ही प्लास्टरवर दुधाच्या पिशव्या बांधतात आणि म्हणतात, "हात वर." जेवताना म्हणतात, "तोंड उघड." म्हणजे आता दिवसातून तीस-चाळीस वेळा बोलणं होतं. बाबा स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये आहेत, तिथे एकामागून एक रूळ निघतात. पहिला घास आत जायच्या आधी दुसरा दारात उभा असतो. त्यांना माझी कॉलेजची बॅग द्यावी, डबा न्यायला. आणि विनंती आहे की पुढच्या जन्मी घास छोटे करावेत.

कलम ३. किरकोळ वस्तू. बटणांचे सगळे शर्ट शेजारच्या नत्थूकाकांना. तीन आठवडे मी बाबांच्या बनियनवर काढले आहेत, बटणांशी माझा संबंध संपला. मोबाईल रोशनीला. तो मी नाकाने चालवत होतो. त्यातूनच अमरदीपला लाल दिल गेलं. ते चुकून गेलं, हे इथे नोंदवून ठेवतो. समोरच्या खोलीच्या चौकटीचा उजवा कोपरा कोणी रंगवू नये. मी त्यावर नाक खाजवतो. ज्याचे दोन्ही हात चालतात त्याला त्या कोपऱ्याची किंमत कळणार नाही.

कलम ४. भूमिका नाकाडे. या स्मृति नगरच्या एका फिजिओथेरपी क्लिनिकमधून सोमवारी आणि गुरुवारी माझी बोटं आणि खांदे हलवायला यायच्या. त्या बोट हलवायच्या आणि माझं भलतंच काही हलायचं. (म्हणजे काळीज. – रोशनी) गेल्या गुरुवारी त्यांनी एक तक्ता आणला. रोजची दहा कामं, प्रत्येकी दहा मार्क. बाबा आणि नत्थूकाका तिथेच बसलेले. चहा घेता का, अशा आवाजात त्यांनी विचारलं, "संडासले एकटे जाता का? सगळं आपल्या हातानं?"

काय सांगणार होतो? म्हटलं, "आपल्या हातानं."

"आंघोळ?"

"आपल्या हातानं."

"शर्टाची बटनं?"

"एका दमात."

त्यांनी प्लास्टरमधून भेंड्यांसारख्या बाहेर आलेल्या माझ्या बोटांकडे पाहिलं आणि लिहिलं. बाबांनी हातातल्या टॉवेलची पुन्हा घडी घातली. शंभरपैकी शंभर! कॉलेजात मी एकतिसाच्या वर कधी गेलो नाही. खाली त्यांनी लिहिलं : मदतीची गरज नाही, घरभेटी बंद. "छान हो," म्हणाल्या आणि गेल्या. माझा खरा मृत्यू तेव्हाचा.

तरी मरताना खरं सांगतो. आंघोळ बाबा घालतात. जेवण बाबा भरवतात. नाडा रोशनी बांधते. (डोळे मिटून. – रोशनी) संडासचं बहिणीला लिहायला सांगणार नाही, बाबांना विचारावं. माझी मोटारसायकल भूमिका यांना द्यावी, ऑटोत फार चेंगरून येतात.

कलम ५. साक्षीदार. नत्थूकाकांनी स्वतःचं मृत्युपत्र चार वेळा बदललं आहे, त्यामुळे त्यांना सगळं माहीत. म्हणाले, "दोन शाने मानसं लागतात. अन ज्याले काई भेटून राहिलं त्यानं सही नाही करा लागत." एक ते झाले. दुसरं शहाणं माणूस आमच्या घरात नाही म्हणून रोशनीने मला न विचारता फोन केला, आणि आत्ता दारात भूमिका उभ्या आहेत. रोशनीने कागद त्यांच्या हातात दिला. मला हिसकावता आला नाही.

(पुढचं जसं झालं तसं लिहिते. – रोशनी)

भूमिकाताईंनी सगळं उभ्यानेच वाचलं. मग बाबांना विचारलं, "काका, हे खरं हाय?"

"खरं हाय."

"मंग त्या दिवशी सांगतलं कावून नाही?"

बाबांनी दादाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोरगं एका तरी परीक्षेत पास होऊन राहिलं होतं. म्हटलं, होऊ द्या."

दादा भिंतीकडे तोंड करून बसला. नाक खाजवतो आहे असं दाखवत होता, पण चौकट दुसऱ्या बाजूला आहे.

भूमिकाताईंनी मोटारसायकलचं वाक्य खोडलं. "मले गाडी नाही चालवता येत. अन मी साक्षीदार होऊन राहिली." मग बॅगेतून नवा तक्ता काढला. "आता खरं सांगा, प्रितम. बटनं?"

"नाही होत."

"जेवन?"

"नाही होत."

चालणं, जिना आणि पलंगावरून उठणं, एवढ्याचेच मिळाले. शंभरपैकी तीस. खाली लिहिलं : घरभेटी, सोमवार ते शनिवार.

(पुढे पुन्हा दादा सांगतो आहे. – रोशनी)

कलम ६. नापास झाल्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. हे मृत्युपत्र मी मेल्यावरच लागू होईल, आणि मला इतक्यात मरायला सवड नाही. परवा सकाळी अकराला भूमिका येणार आहेत.

हात उपलब्ध नसल्यामुळे उजव्या पायाचा अंगठा उमटवला आहे. शाई नत्थूकाकांची. पाय बाबांनी धरला. म्हणाले, "पाय दे." हे नवीन आहे.

ठिकाण : खुर्सीपार, भिलाई. मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४.

मृत्युपत्र करणार : प्रितम शहारे (पायाचा अंगठा)

साक्षीदार १ : नत्थू लांजेवार, निवृत्त, रेल्वे. शर्ट मले नको, लहान होतात. म्हणून सही चालते.

साक्षीदार २ : भूमिका नाकाडे. बोटांचा व्यायाम दिवसातून तीनदा. खोटं बोलू नये.

वाचलं. घास छोटे करीन. – बाबुलाल शहारे