गठ्ठ्यातून सोडलेलं पॅकेट

३ डिसेंबर, ढोकी
प्रसादचा पुन्हा मेसेज. टीम लीड आहे, घाई त्याच्या पाचवीला पुजलेली. नवी नेटवर्कची पेटी याच महिन्यात बाहेर काढायची, तेव्हा कर्नलमधल्या, म्हणजे पेटीच्या मुळाशी चालणाऱ्या प्रोग्रॅममधल्या, बदलाला मंजुरी दे म्हणतो. वेग वाढावा म्हणून त्यानं माहितीची पॅकेटं गठ्ठ्यानं पुढं सरकवणाऱ्या कोडमधल्या दोन-तीन ओळी उडवल्यात. माझ्याकडं सगळ्या चाचण्या पास. तरी मन खातंय. नाही दिली.

५ डिसेंबर
सापडलं. आणि स्वतःचाच राग आला. चाचण्या मी घरच्या नेटवरून चालवत होते. आमच्या गावचं नेट ते. पॅकेटं एकेक करत रखडत येतात, गठ्ठा बनणार कुठून? एकट्या पॅकेटाला ना मागचं ना पुढचं, मग बिघडेल काय. आज जुना लॅपटॉप थेट केबलनं पेटीला जोडला आणि पॅकेटांचा भडिमार केला. पेटी बसली, ठप्पच. परत केला, परत बसली. जेवण तसंच राहिलं, आई वैतागली.

८ डिसेंबर
दादा कारखान्यातून रिटायर झाल्यापासून माझ्या कामात नाक खुपसतात. म्हणे पोरगी करते काय ते बापाला कळाया नको व्हय? सांगितलं. ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्या. मागची सोडताना खुंटी काढली, पण साखळी तशीच राहिली तर? तसंच. गठ्ठ्यातून एक पॅकेट काढून दुसऱ्याच्या हवाली केलं, पण पुढच्या पॅकेटाशी त्याची कडी तशीच. पुढचं तोवर काम संपवून गेलेलं, त्याच्या जागी भलतंच काही बसलेलं. कडी धरून जो जाईल तो थेट खड्ड्यात.
"मग हळू चालवा की," दादा म्हणाले.
हळूच चालवत होते, म्हणून तर दिसलं नाही! दोघंही हसलो.

९ डिसेंबर
प्रसादचा उपाय: कडी रिकामी आहे का बघ, नसेल तरच पुढं जा. अरे पण ती रिकामी नाहीच ना. पत्ता जुना, घरात दुसराच भाडेकरू. आधी पुढचं कोण ते धरून ठेवायचं, मग हातातलं सोडायचं, सोडताना कडी मोकळी करायची. त्यानं उडवलेल्या ओळी नेमक्या याच. एवढंच परत घाल म्हटलं. तर म्हणतो वेग कमी होईल, आणि पुण्याच्या ऑफिसात कुणाकडंच पेटी बसत नाही, तुझ्या गावच्या लाईटचा घोळ असेल.
लाईटचा! अंगाचा तिळपापड झाला. पेटी दिवसभर इन्व्हर्टरवर होती. पुण्यातले एकाच जातीची पॅकेटं सोडतात, मधलं एखादं काढून घ्यायची वेळच येत नाही.

११ डिसेंबर
ऑनलाइन मीटिंग. या पेट्या गावोगावच्या दवाखान्यांत लागणार आहेत. इथला डॉक्टर तिच्यावरून मोठ्या डॉक्टरशी बोलणार, पेशंट समोर. तेव्हा पेटी ठप्प झाली तर? असं विचारलं. कंपनीच्या साहेबांपुढं प्रसाद म्हणाला, "सगळे तयार आहेत. तू एकटीच अडवतेयस."
"व्हय. म्याच अडवलंय."
घरची बोली तोंडातून निघून गेली. सुधारून घ्यायची इच्छा झाली नाही. साहेबांनी वर ऐकवलं की पुण्यात परत ये, नाहीतर दुसरं काम बघ. येणार नाही म्हटलं.

१२ डिसेंबर
मंजुरी द्यायचा अधिकार काढून घेतलाय माझा. काही न सांगता. सकाळी बघितलं तर बटणच नाही. मग उठून चहा केला. दुरुस्ती, चाचणी, केबल कशी जोडायची, कुठली पॅकेटं मिसळायची, सगळं लिहून साहेबांपासून नुकत्याच लागलेल्या मुलीपर्यंत अख्ख्या टीमला पाठवलं. माझ्या नावानं. खाली लिहिलं: मंजुरी ज्याला द्यायची त्यानं द्यावी, पण आधी स्वतःच्या टेबलावर पेटी बसताना बघून द्यावी.
अजून कुणाचं उत्तर नाही. प्रसादनं मेल उघडलाय, तेवढं दिसतंय.