वीणाचं पत्र मी फाडलं नव्हतं

मी, देवाप्पा बाळाप्पा खोत, वय वर्षे ६४, निवृत्त टूलरूम फोरमन, मूळचा निपाणीकडचा, हल्ली राहणार हेब्बगोडी, बेंगळूर, हे मृत्युपत्र सोमवार दिनांक ४ ऑगस्ट २०२५ रोजी स्वतःच्या हाताने लिहायला घेत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. कर्करोग स्वादुपिंडात आहे, डोक्यात नाही. डॉक्टरांनी चंपाला बाहेर नेऊन "आता थोडे आठवडे" असं सांगितलं, ते मला पडद्याआडून ऐकू आलं. कुणाच्या धाकाने किंवा भुलवण्याने मी हे लिहीत नाही. ज्यांना धाक घालायचा आहे ते सगळे मी लिहू नये म्हणूनच सांगत आहेत. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

वकील केतकीबाई म्हणाल्या, कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत लिहा, कचेरीत सोपं जाईल. पण ज्या मुलीने हे वाचावं म्हणून माझा जीव अडकला आहे, तिला मी जे खोटं सांगितलं ते मराठीतच सांगितलं होतं.

कलम १. हेब्बगोडीचं दोन खोल्यांचं घर, मागच्या मोकळ्या जागेसह, माझी पत्नी चंपा हिच्या मालकीचं राहील. तिला कुणी "आता गावाकडं चला" म्हणू नये. लग्न करून आणलं तेव्हा मीच तिला म्हणालो होतो, "इथं चार-पाच वर्षंच काढायची." तिने ते मानलं. त्याला एकोणचाळीस वर्षं झाली.

कलम २. बँकेत आणि पोस्टात जे काही असेल त्यातलं अर्धं चंपाला आणि अर्धं दत्ता शिंगाडे याला द्यावं. दत्ता माझ्या हाताखाली दहा वर्षं पॉवर प्रेस चालवत होता. त्याचा उजवा पंजा त्याच प्रेसमध्ये गेला. मी देतो ती भरपाई नव्हे. भरपाई कंपनीने द्यायची आहे, आणि ती का मिळाली नाही हे पुढे लिहितो. या अर्ध्या वाटणीला चंपाची संमती आहे. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अर्धंच का?"

कलम ३. चंपाच्या पश्चात घर माझा मुलगा नागराज याला जाईल. मी त्याला तोडत नाही. जुलैत मी वकिलांच्या कागदावर सही केली तेव्हापासून तो या घरात आलेला नाही, फोनवर एवढंच म्हणाला, "आप्पा, मरता मरता माझ्या नोकरीवर का उठलाय?" त्याच्यावर माझा राग आहे, पण दोष त्याचा नाही. त्याच्यासाठी मी काय केलं हे त्याला माहीतच नव्हतं. अट एकच. घराचे कागद हातात घेण्याआधी त्याने हे मृत्युपत्र आईसमोर बसून मोठ्याने वाचावं. मधलं काही गाळू नये.

कलम ४. वीणाबद्दल.

वीणा खानापूरची. डिप्लोमा करून २०२१ साली बोम्मसंद्र्यातल्या आमच्या कारखान्यात टूलरूमला लागली, तेव्हा बावीस वर्षांची होती. कॅन्टीनमध्ये मी चंपाशी फोनवर मराठीत बोलताना तिने ऐकलं आणि ताट घेऊन समोर येऊन बसली. "काका, तुम्ही आपल्याकडचे?" त्या दिवसापासून ती माझी शिष्य. कानस कशी धरायची, डाय कुठे झिजते, मॅनेजरशी कधी बोलायचं आणि कधी नाही, सगळं मला विचारून. खोली कुठे घ्यावी हेसुद्धा तिने मला विचारलं. मला ते फार आवडायचं. नागराजने मला कधी काही विचारलं नव्हतं.

आमच्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. म्हणजे माणसाचे दोन्ही हात बटणावर, डायमध्ये म्हणजे साच्यात एकही नाही. त्या वर्षी माल जास्त काढायचा म्हणून वरून हुकूम आला आणि एक बटण तारेने दाबून बांधून टाकलं. आता डाव्या हाताने बटण दाबायचं आणि उजव्याने पत्रा सरकवत राहायचं. हे मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. लिहून काढलं ते फक्त वीणाने.

१८ ऑक्टोबर २०२१, सोमवार. जेवणाच्या सुट्टीत तिने एक कागद माझ्यासमोर ठेवला. फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या नावाने इंग्रजीत पत्र, खाली सही आणि तारीख.

"काका, पाठवू? तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हणालो, "आधी मला वाचू दे." वाचलं. पत्र चोख होतं, एक शब्द जास्त नाही. मग मी ते घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणालो, "स्वल्प थांब. कागदावर कधी काही देऊ नये. मी आत तोंडी सांगतो. मी तुझ्या भल्यासाठीच सांगतो."

ती म्हणाली, "सरी काका," म्हणजे बरं, आणि डबा उघडला.

मी आत कुणालाही काही सांगितलं नाही. त्या आठवड्यात स्टोअरमध्ये नागराजला कायम करण्याचा कागद मॅनेजरच्या टेबलावर सहीसाठी होता. माझ्या टूलरूममधून तक्रार गेली असती तर तो कागद तिथेच राहिला असता. २७ तारखेला सही झाली. मी कचेरीत पेढे वाटले, एक वीणालाही दिला.

९ नोव्हेंबरला दत्ताचा पंजा गेला. मीच मेन स्विच बंद केला.

चौकशीत कंपनीने कागद तयार ठेवला होता. दोन्ही बटणं चालू होती, कामगाराने निष्काळजीपणे हात घातला, असा. टूलरूमच्या वतीने वीणाची सही हवी होती. ती माझ्याकडे बघत राहिली. "माझं ते पत्र कुठे आहे, काका?" मी म्हणालो, "फाडून टाकलं. ते सापडलं असतं तर तुलाच विचारलं असतं, माहीत होतं तर गप्प का बसलीस." आणि माझं पेन तिच्या हातात दिलं. तिने सही केली. त्या सहीमुळे दत्ता आजपर्यंत निष्काळजी ठरला आहे.

पत्र मी फाडलं नव्हतं. टूलरूमच्या कपाटात कानशींखाली चार महिने होतं. निवृत्त झालो तेव्हा घरी आणलं. का ठेवलं, हे मला सांगता येत नाही. चांगुलपणा म्हणावा असं त्यात काही नव्हतं.

वीणाने महिन्याभरात कारखाना सोडला. आता ती सर्जापूर रोडवर राहते, संगणकावर मशीनची चित्रं काढते. या जूनमध्ये दत्ताच्या दाव्यात तिला साक्षीला बोलावलं, तेव्हा ती पुन्हा माझ्याकडे आली. माझं दुखणं तेव्हाच कळलं होतं. ती पलंगाशी बसली आणि म्हणाली, "काका, काय सांगू कोर्टात?" आणि मी, मरायला टेकलेला माणूस, तिला तिसऱ्यांदा तेच म्हणालो. "लिहून दिलंस तेच सांग. बदललंस तर खोटी साक्ष म्हणून तुलाच धरतील."

जुलैत दत्ता मला बघायला आला. सोबत त्याची बायको मथुरा होती, ती उंबऱ्याबाहेरच थांबली. दत्ताने डाव्या हातात शहाळं आणलं होतं. चंपाने आग्रह करून त्याला जेवायला बसवलं. तो भिंतीकडे तोंड करून बसला. डाव्या हाताने घास घेताना कुणी बघू नये म्हणून. जेवून झाल्यावर माझ्या पायाशी येऊन म्हणाला, "फोरमन, तुम्ही शिकवलं म्हणून दहा वर्सं हात शाबूत राहिला माझा. त्या दिवशी माझंच लक्ष नसंल."

चार वर्षं कागदावर त्याला निष्काळजी म्हणताहेत, म्हणून त्याचाही त्यावर विश्वास बसला होता.

मी तोंड फिरवलं. तेव्हाही बोललो नाही. बाहेरून मथुरा म्हणाली, "चला, अण्णांना झोपू दे."

दुसऱ्या दिवशी मी केतकीबाईंना, म्हणजे दत्ताच्या वकिलांना, घरी बोलावून पत्र त्यांच्या हाती दिलं आणि प्रतिज्ञापत्रावर सही केली. त्या स्पष्ट म्हणाल्या, "उलटतपासणीआधी तुमचं काही झालं तर याचं वजन फार कमी होईल. समोरचे म्हणतील, मरणाऱ्या माणसाने औषधाच्या गुंगीत लिहिलं." घरी येऊन जबाब घ्यावा म्हणून त्यांनी अर्ज केला आहे. उत्तर नाही. सुनावणी १९ ऑगस्टला आहे.

तेव्हापासून मी वीणाला रोज फोन करतो. ती उचलत नाही. चंपा दोन बस बदलून सर्जापूर रोडला तिच्या अपार्टमेंटवर गेली, फाटकावरच्या माणसाने आत सोडलं नाही. चंपा दोन तास उन्हात उभी राहून परत आली. केतकीबाईंना विचारलं तर म्हणतात, "दुसऱ्या साक्षीदाराबद्दल मी तुमच्याशी बोलणार नाही." ती माझंच ऐकून तोच कागद पुन्हा वाचेल, या विचाराने मला गोळी घेऊनही झोप येत नाही. मी मेल्यावर तरी हे तिला वाचून दाखवतील म्हणून लिहितो.

वीणा, ऐक. ऐक म्हणायचा हक्क मला नाही, तरी.

१९८३ साली बेंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत कामाला होतो तेव्हा मी तुझ्या त्या वेळच्याच वयाचा होतो. कामगारांच्या अर्जावर सह्या चालल्या होत्या. माझे उस्ताद हयवदन मेस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाले, "सही माडबेड, देवाप्पा." करू नकोस. तुझे आईबाप गावी तुझ्या मनीऑर्डरवर आहेत. मी केली नाही. अकरा जण कामावरून गेले आणि मी राहिलो. आयुष्यभर मी हा सल्ला जपला आणि तुला दिला. पण त्या अकरांत हयवदन मेस्त्री स्वतः होते, हे तुला कधी सांगितलं नाही. त्यांनी मला वाचवलं आणि आपण सही केली. मी तुला थांबवलं आणि माझं पोर वाचवलं. शब्द तेच होते.

म्हणून मोठा माणूस काही सांगेल तेव्हा त्याचे पिकलेले केस बघू नकोस. तू त्याचं ऐकलं नाहीस तर त्याचं स्वतःचं काय जाईल, ते बघ. तो हे केव्हा शिकला ते विचार. आणि "तुझ्या भल्यासाठी" म्हणाला तर त्याच्या घरात त्या आठवड्यात काय चाललंय ते शोध. मला विचारलं असतंस, "काका, नागराजचं काय झालं?" तर मी खोटं बोलू शकलो असतो का, माहीत नाही. बहुधा बोललो असतो. पण माझा चेहरा तू ओळखला असतास.

कलम ५. माझी हत्यारं, म्हणजे दोन मायक्रोमीटर, व्हर्निअर आणि कानशींचा संच, वीणाला द्यावीत.

कलम ६. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं काम शेजारी महांतेश पाटील यांनी करावं. ते रिक्षा चालवतात, आणि या रस्त्यावर मीटरप्रमाणे पैसे घेणारे तेवढेच आहेत.

पुरवणी, रविवार दिनांक १० ऑगस्ट २०२५.

आज सकाळी वीणा आली. न कळवता. मी हे सगळे कागद तिच्या हातात दिले. ती खुर्चीवर बसून वाचत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. कलम ४ तिने दोनदा वाचलं.

"फाडलं नव्हतं?"

"नाही."

"चार वर्षं मला वाटायचं, मी ते नीट लिहिलं नसेल. म्हणून तुम्ही फाडलं असेल." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आणि तो पेढा मी खाल्ला, काका."

मी म्हणालो, "वीणा, १९ तारखेला..."

तिने हात वर केला. "मी एक तारखेलाच केतकी मॅडमकडे सगळं लिहून दिलंय. तारेचं, पत्राचं, तुम्ही पेन दिलं त्याचं. खोट्या सहीबद्दल माझ्यावर काय येईल ते येऊ दे. विचारायला नाही आले मी. सांगायला आले."

"मग फोन का उचलला नाहीस ग?"

"तुमचा आवाज ऐकला असता तर मी परत तुमचंच ऐकलं असतं. सवय आहे मला."

मी रडलो. ती रडली नाही. माफी मागितली. ती म्हणाली, "ते दत्ताअण्णांना सांगा. पंजा त्यांचा गेलाय." हत्यारांचा डबा पुढे केला तर तिने हात लावला नाही. म्हणून कलम ५ मी याद्वारे रद्द करतो. हत्यारं होसूर रोडवरच्या सरकारी आयटीआयला द्यावीत, माझं नाव न घालता.

ती निघाली तेव्हा मी म्हणालो, "मी आता काय करू, ते तरी सांग." ती दारात थांबली. "मी सांगणार नाही, काका." मग चंपाला "काकू, येते" म्हणून गेली. वाकून नमस्कार केला नाही. बरोबर केलं.

दुपारी मी महांतेशच्या हाती निरोप देऊन दत्ता आणि मथुराला बोलावलं आणि तोंडाने सांगितलं, सगळं. दत्ताने स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे माझं लक्ष होतं." मथुराने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. तिचा शब्द न् शब्द खरा होता.

कलम ७. शेवटचं. १९ तारखेपर्यंत घरी जबाब घेण्याचा हुकूम आला नाही, तर मला त्या दिवशी कोर्टात न्यावं. डॉक्टर नको म्हणतात. चंपा नको म्हणते. वीणाने नको म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. हे माझं मी ठरवलं आहे. चालता आलं नाही तर खुर्चीत, बसता आलं नाही तर आडवं न्यावं. चंपाने रस्त्यात गाडी वळवायला सांगितली तर महांतेशने ऐकू नये. माझं नाव पुकारलं जाईल तेव्हा मी तिथे असलो पाहिजे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे. खाली दोघांच्या देखत सही करतो. हात कापतो म्हणून सही वाकडी आली आहे, पण ती माझीच आहे.

(सही) देवाप्पा बाळाप्पा खोत

साक्षीदार. देवाप्पा खोत यांनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली.
१. (सही) शिवलीला हिरेमठ, निवृत्त शिक्षिका, शेजारी
२. (सही) महांतेश पाटील, रिक्षाचालक, शेजारी

ठिकाण: हेब्बगोडी, बेंगळूर
दिनांक: १० ऑगस्ट २०२५, संध्याकाळी सहा