त्या मेलखालचं माझं उत्तर

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी एक ओळही लिहिली नाही. आज लिहितोय, कारण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगायची मला लाज वाटते.

गेल्या आठवड्यात बाइंडरचाचांची मुलगी घरी आली होती. आपल्या शनिवार पेठेतल्या ग्रंथालयाच्या तळघरात आयुष्यभर जुनी पुस्तकं शिवणारे चाचा आता चार पावलं चालले की थांबतात. कीड लागू नये म्हणून आपण जी पावडर मारायचो, तिनेच छाती गेली असं ते म्हणतात, आणि उपचारांचं संस्थेने बघावं अशी मुलीची मागणी आहे. "सर, ऑफिसने लेखी दिलंय, अशी तक्रार कधी आलीच नव्हती," ती म्हणाली. "पण अब्बू म्हणतात, बाईंनी ग्रुपवर मेल टाकला होता. तो ग्रुप तुम्हीच बघायचात ना? बॅकअप असेलच." मी म्हणालो, "तो केव्हाच बंद झाला. आता काही नाही." चहा न घेताच ती उठली.

खोटं कुठे बोललो, असं मी दोन दिवस स्वतःला समजावत होतो. राज्यभरातल्या ग्रंथपालांचा तो मेल-ग्रुप. कुणी वाळवीवर उपाय विचारायचं, कुणी बदलीचं रडगाणं गायचं. तो ज्या कंपनीच्या सेवेवर चालायचा ती बंद होणार असं कळलं, तेव्हा तुम्ही नव्हतात आणि जुने मेल जपायचे का हे ठरवणं माझ्याकडे आलं. मी टिपण लिहिलं, 'अनौपचारिक चर्चा, पुरावा म्हणून मूल्य नाही.' समितीने माना डोलावल्या. कुणाच्या तरी पणजोबांच्या लग्नपत्रिका आपण कापडात गुंडाळून ठेवतो, आणि माणसं कामाबद्दल एकमेकांशी खरं काय बोलली ते मी पुसू दिलं. जागेचा प्रश्न नव्हता, बाई. त्यातला एक मेल मला नको होता.

तो दिवस अजून समोर दिसतो. चाचा तुमच्या टेबलापाशी उभे आहेत, तोंडाशी रुमाल. "बाई, पावडर मारली की दोन-दोन दिवस छाती भरून येते. कुणाला तरी लिहा की." तुम्ही त्याच दुपारी ग्रुपवर लिहिता, आमच्या बाइंडरना असा त्रास होतोय, तुमच्याकडे कसं आहे? आणि तासाभरात मी, तुमचा सहायक, सगळ्यांना दिसेल असं उत्तर टाकतो: 'पावडर फक्त किडीला बाधते. आमच्या बाइंडरना बाधत असेल, तर ते नक्की कोण याचा विचार करायला हवा.' गावोगावचे ग्रंथपाल हसले. चाचांच्या छातीबद्दल कुणीच काही लिहिलं नाही. तुम्ही माझ्या टेबलाशी आलात. "वाक्य छान जमलंय. आता खाली जा आणि त्यांना वाचून दाखव." मी गेलो नाही. पावडर चालूच राहिली, आणि पुढे तुमच्या खुर्चीत बसल्यावर तिच्या खरेदीच्या मागणीपत्रावर मीच सही करत होतो.

तुम्ही प्रत्येक मेल जुन्या याद्यांच्या कोऱ्या बाजूवर छापून नाडीने बांधून ठेवायचात. मी हसायचो, तर म्हणायचात, "कॉम्प्युटरवर माझा विश्वास आहे रे. तुझ्यावर नाही." तुमच्यामागे ते गठ्ठे तुमच्या भाच्याने माझ्याकडे आणून टाकले, ते माळ्यावर पडून होते. परवा काढले. पान सापडलं. वर तुमचं पत्र, खाली माझं उत्तर, नावासकट आणि हुद्द्यासकट.

मंडईजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो आणि पानाचा खालचा भाग कोऱ्या कागदाने झाकला. दुकानदार म्हणाला, "काका, खालचं येणार नाही हं." म्हटलं, "वरचंच हवंय." घरी येऊन ते बघत बसलो, तेव्हा कळलं. तुमच्या पत्रावरून एवढंच दिसतं की तुम्ही लिहिलंत. संस्थेतल्या कुणी ते वाचलं, समजून घेतलं आणि उडवून लावलं, हे फक्त माझ्या त्या दोन ओळींत आहे. चाचांच्या उपयोगाचा आहे तो मी झाकलेला खालचा अर्धा भागच.

आज पुन्हा गेलो आणि पूर्ण पानाची झेरॉक्स काढून आणली. चाचांची मुलगी उद्या सकाळी येणार आहे. येताना चाचांनाही घेऊन या, असं मी फोनवर म्हटलं. ते उत्तर त्यांना वाचून दाखवायचं राहिलंय. पण तुम्हाला खरं सांगतो, बाई, झाकून काढलेली झेरॉक्स मी अजून फाडलेली नाही. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.